तलफेचा भाव

‘एक ओळखीचा माणूस आहे, त्याच्यासाठी विचारतोय,’ असं म्हणत आजवर माझ्याकडे बरेच जण आले. तो ओळखीचा माणूस बहुतेक वेळा समोरच्याच खुर्चीत बसलेला असतो आणि चहाची बशी दोन्ही हातांनी धरून असतो. मी काही ओळख दाखवत नाही. ‘तुमच्या त्या माणसाला सांगा,’ म्हणून माझीच गोष्ट सांगतो. आता वय झालं. सांगताना मी भलतीकडे जातो, कुसुम स्वयंपाकघरातून दुरुस्त्या सुचवते आणि ऐकणाऱ्याची एस.टी. चुकते. म्हणून एकदाची लिहून काढतो आहे.

औषधांची नावं यात नाहीत, ती डॉक्टरांना विचारावीत. मला जे माहीत आहे ते एवढंच, की दारू हा आजार मला झाला होता, तो बरा करायला मी गावोगाव हिंडलो, आणि शेवटी तो राहत्या घरी राहून, कामावर जाऊन, बायकोच्या हातची भाकरी खाऊन आटोक्यात आला.

हात

बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती. सांगलीच्या हळद बाजारात दादासाहेबांच्या अडतीवर मी कामाला होतो. शेतकऱ्यानं हळद आणून टाकायची, आम्ही ती व्यापाऱ्यांना विकून द्यायची, असा धंदा. त्या काळी आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नसत. अडतीवरच्या माणसानं हातावर रुमाल टाकायचा, व्यापाऱ्यानं रुमालाखाली हात घालून त्याची बोटं दाबायची. दाबली बोटं तेवढा भाव. एकामागून एक व्यापारी यायचा, दाबून जायचा, आणि चेहरा असा ठेवायचा जसा काही कुणाच्या मयताला आलाय. सगळ्यांचे भाव पोटात ठेवून शेवटी वरचा भाव पुकारायचा, हे काम माझं. या कामाला एकच गुण लागतो. हात मुका पाहिजे. एकाचं दुसऱ्याला कळता कामा नये, आणि आपल्या मनातलं तर कुणालाच नाही.

माझा हात त्या वर्षी बडबडायला लागला. आधी संध्याकाळची असलेली दारू रात्रीची झाली होती, रात्रीची पहाटेची. सकाळी घोटभर पोटात गेल्याशिवाय बोटांची थरथर थांबत नसे. एके दिवशी कुसुमनं ती सकाळची बाटली मोरीत ओतली आणि मी तसाच बाजारात गेलो.

पहिला हात आण्णाप्पांचा. आण्णाप्पा म्हणजे बाजारातले सगळ्यांत जुने खरेदीदार, पांढरी टोपी, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी बोटं दाबली आणि माझी बोटं त्यांच्या मुठीत थरथरली. त्यांना वाटलं, मी आणखी मागतोय. त्यांनी भाव वाढवला. दुसऱ्यालाही तसंच वाटलं, त्यानंही वाढवला. तिसऱ्यानं मात्र हात झटकला आणि चारचौघांत ओरडला, “खुणा करतुयास व्हय रं यशवंता? कुणाच्या सांगण्यावरनं?”

बाजारात याहून वाईट शिवी नाही. माणसं गोळा झाली, दादासाहेब गादीवरून उठून आले. मी घामानं डबडबलेला. आता बेइमानी कबूल करावी की बेवडेपणा, एवढाच प्रश्न उरला होता, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला बेइमानीच बरी वाटली.

तेवढ्यात आण्णाप्पा परत पुढं आले. सगळ्यांदेखत त्यांनी रुमालाखाली हात घातला. बोट एकही दाबलं नाही. नुसता माझा हात हातात घेऊन उभे राहिले, कितीतरी वेळ. मग म्हणाले, “खुणा न्हाईत ह्या. दादासाहेब, पोरगं आजारी हाय. ह्या हाताला डॉक्टर बघा.” आणि जाताना मला एकट्याला ऐकू येईल असं बोलले, “माझा भाऊ असाच थरथरायचा. आमी म्हणायचो, थंडी वाजती त्याला.”

माझ्या आजाराचं निदान झालं ते हे असं. तोवर मला व्यसनी म्हणणारे पुष्कळ भेटले होते. आजारी म्हणणारे आण्णाप्पा पहिले.

गावाला वळसा

दादासाहेबांनी मला रुमालावरून काढून पोती शिवणाऱ्यांवर देखरेखीला बसवलं. घरी कुसुमला सगळं कळलंच होतं. ती आरडाओरडा करणारी बाई नव्हे. तिनं भाकऱ्या संपवल्या, हात धुतले आणि म्हणाली, “जत्रेला दादा यील. तवा पोरांना घिऊन मी त्याच्या संगं जाणार. तवर तुमास्नी काय करायचं ती करा.”

तिचा भाऊ विट्याचा. विट्याकडची पुष्कळ माणसं करतात तसाच तोही सोनं-चांदी गाळायचा धंदा करायचा, लांब कोइमतूरला. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, जत्रेला गावी यायचा. कोइमतूर म्हणजे मला चंद्रावर असल्यासारखंच. कुसुम बोलली की करते, हेही मला ठाऊक होतं. हळदीचा हंगाम नुकता सुरू झाला होता. तो संपायच्या आत मला माणसात यायचं होतं, नाहीतर घर रिकामं होणार होतं.

मग सुरू झाली आमची भ्रमंती. आधी गावाकडचा भगत. त्यानं अंगारा लावला, लिंबू कापलं, देवीसमोर शपथ घ्यायला लावली. शपथ घेतल्याच्या आनंदात मी त्याच संध्याकाळी प्यालो. मग कुसुमच्या मैत्रिणीनं एक पुडी आणून दिली. पिणाऱ्याला न कळत ताकातून द्यायची, म्हणजे त्याला दारूची किळस येते. ते ताक चुकून आमचे घरमालक प्याले. त्या सज्जन माणसानं जन्मात दारूला हात लावला नव्हता. दोन दिवस ते परसाकडच्या फेऱ्या घालत होते आणि कुसुम त्यांना वरण-भात पोचवत होती. त्यांना कारण आम्ही आजतागायत सांगितलेलं नाही.

शेवटी चुलतभावानं साताऱ्याला एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भले होते. त्यांनी नीट तपासलं आणि सांगितलं, पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात भरती व्हा, काही महिने राहावं लागेल. काही महिने! पोरांनी खायचं काय? आणि वेड्यांच्या इस्पितळात राहून आलेल्याच्या हातात बाजारात कोण हात देईल? परतीची एस.टी. कराडच्या स्टँडवर थांबली, तसा मी खाली उतरलो आणि शेजारच्या बोळातल्या देशीच्या दुकानात शिरलो. चुलतभाऊ खिडकीतून बघत होता. त्यानं हाक मारली नाही. त्या दिवशी मला स्वतःची भयंकर भीती वाटली. पाय आपले, पण ऐकत कुणाचं होते कोण जाणे.

काखेत कळसा

त्या काळी दारू प्यायला सरकारी परमिट लागायचं, आणि परमिटसाठी डॉक्टरचा दाखला, की या गृहस्थाला प्रकृतीसाठी दारूची गरज आहे. माझ्या परमिटची मुदत संपत आली होती. एवढं सगळं चाललेलं असताना मी दाखला आणायला निघालो, यावरून माझ्या अकलेची कल्पना यावी. बाजाराच्या वाटेवर लेले डॉक्टरांचा दवाखाना होता. रोज सायकलवरून जाताना पाटी दिसायची, आत मात्र कधी गेलो नव्हतो.

लेले डॉक्टर किडकिडीत, सदानकदा सिगारेट. माझं म्हणणं ऐकून त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं.

“दाखला देतो की. खोटं काहीच नाही त्यात, तुम्हाला दारू लागतेच,” ते म्हणाले. “पण यशवंतराव, तीच सोडायला दर बुधवारी संध्याकाळी मागच्या दारानं चार माणसं येतात माझ्याकडे. पाचवे तुम्ही या ना.”

“भरती व्हावं लागंल?”

“मला इथं झोपायला जागा नाही, तुम्हाला कुठं ठेवू? घर सोडायचं नाही, काम सोडायचं नाही. रोज सकाळी बाजारात जाता जाता कंपाउंडरसमोर गोळी गिळायची आणि बुधवारी बसायचं. गोळीवर दारू घेतलीत तर असे हाल होतील की माझं नाव काढाल.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. भगत झाला, सातारा झालं, आणि औषध निघालं रोजच्या रस्त्यावर.

गोळीच्या आधी दारू अंगातून उतरवायची होती. ते दिवस घरीच काढले. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊन बघून जायचे. घाम, ओकाऱ्या, भिंतीवरच्या चुन्याचे पोपडे मुंग्यांसारखे चालायला लागायचे. मी मरणार याची मला खात्री होती आणि मी कुसुमला तसं सारखं सांगत होतो. तिनं गुळाचं पाणी पाजता पाजता एकदा म्हटलं, “मरायचं आसंल तर हंगामानंतर मरा. आत्ता दादासाहेब सुट्टी द्यायचं न्हाईत.” मी हसलो आणि हसताना ओकलो. पण दादासाहेबांनी खरंच निरोप पाठवला होता, की पोती कुठं पळून जात नाहीत, नीट होऊन ये. हा निरोप मी अजून विसरलो नाही.

मागचं दार

दवाखान्याच्या मागच्या भिंतीवर सरकारनं कुटुंब नियोजनाचा भला मोठा लाल त्रिकोण रंगवला होता. दिवसही नसबंदीच्या गाजावाजाचे. मी रोज सकाळी त्या त्रिकोणाशेजारच्या दारातून आत जातो आणि तोंड पुसत बाहेर येतो, हे बाजारात दिसायला वेळ लागला नाही. एक दिवस हमालांच्या मुकादमानं मला बाजूला घेतलं आणि पाठीवर हात ठेवून म्हणाला, “लय शाना हायस गड्या. दोन पोरांवर थांबलास. पर रोज रोज कशाला बलवत्यात रं?”

मी म्हटलं, तपासणी असते.

बेवडा म्हणवून घेण्यापेक्षा हे बरं होतं. त्यानंतर दोघं-तिघं येऊन दुखतं का, सायकल चालवता येते का, विचारून गेले. मी अनुभवी माणसासारखे सल्ले दिले. मला वाटतं सरकारचं थोडंफार काम माझ्या हातून झालं असावं.

बुधवार

बुधवारी संध्याकाळी दवाखाना बंद झाला की मागच्या खोलीतल्या लांब बाकड्यावर आम्ही पाच जण बसायचो. तासगावचे एक मास्तर होते, भूगोल शिकवणारे. एक ट्रकड्रायव्हर, एक शिंपी. आणि एक सुभेदार. फौजेतून पेन्शनीत आलेले, सातारा जिल्ह्यातल्या कराडकडच्या गावचे, दर बुधवारी एस.टी.नं यायचे. मिशा अशा, की दारूच त्यांना भिऊन सुटायला हवी होती.

डॉक्टर समोर स्टुलावर बसून विचारायचे, “काय, कसा गेला आठवडा?”

“ठीक,” मास्तर म्हणायचे.

“ठीक हाय,” शिंपी.

“फस्क्लास!” सुभेदार.

मीही ठीकच म्हणायचो. आपल्याकडे माणसाला मरताना जरी विचारलं तरी तो ठीकच म्हणणार. डॉक्टर बिचारे सिगारेट ओढत आमच्याकडे बघत राहायचे, आणि आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. खोटं बोलत होतो असं नाही. पण हुरहूर वाटते, घशाला कोरड पडते, देशीच्या दुकानापुढून जाताना पाय जड होतात, हे चार पुरुषांसमोर तोंडानं बोलायचं कसं? तोंडाला त्याची सवयच नव्हती.

तिसऱ्या की चौथ्या बुधवारी मला ते असह्य झालं. मी खांद्यावरचा पंचा काढून हातावर टाकला आणि सांगितलं, आमच्या बाजारात जे तोंडानं बोलता येत नाही ते असं बोलतात. तलफ किती, तेवढी बोटं दाबा. काहीच नसेल तर एक. इथून उठून सरळ दुकानात जाणार असाल, तर पाचही. कुणाचं कुणाला कळणार नाही.

मास्तर हसले, पण त्यांनीच पहिल्यांदा हात घातला. तीन. शिंप्याची दोन. ड्रायव्हरनं आधी दोन दाबली, मग जरा थांबून आणखी एक. सुभेदार म्हणाले, “अरे काय पोरखेळ लावलाय? हमारा तो एकदम फस्क्लास है,” आणि हसत हसत त्यांनी पंच्याखाली हात घातला. आणि माझी पाचही बोटं मुठीत धरली. अशी धरली की सोडेनात. वर चेहरा तसाच हसरा, मिशीला पीळ दिलेला.

बाजाराचा नियम असा, की एकाचा भाव दुसऱ्याला सांगायचा नाही. तो मी पाळला. पण हा भाव पोटात ठेवून मला घरी जाववेना. मी म्हटलं, “सुभेदार, आज आमच्याकडं जेवायला चला. घरी मटण हाय.”

“एस.टी. जाईल माझी.”

“जाऊ द्या.”

ते निमूट आले. मटण नव्हतंच, पिठलं होतं. कुसुमनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पिठल्यात तेल जास्त घातलं. सुभेदार चार भाकऱ्या जेवले, आमच्या ओसरीवर आडवे झाले आणि असे घोरले की घरमालकांना वाटलं घरात सुतारकाम काढलंय. सकाळी चहा पिताना ते एवढंच म्हणाले, “काल तुमचा हात नसता, तर मी गेलो होतो गड्या.” फौजी माणूस, पण डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

पुढच्या बुधवारपासून पंचा हा आमचा रिवाजच झाला. डॉक्टर आत येता येताच विचारायचे, “काय, आज बाजारभाव काय?” एकदा मास्तरांनी त्यांनाच हात घालायला लावला, सिगारेटचा भाव सांगा म्हणाले. डॉक्टरांनी गुपचूप चार दाबली. त्या दिवसापासून ते आमच्यासमोर सिगारेट ओढायचे थांबले, निदान खोलीत तरी. आमची तलफ गेली नव्हती. अजूनही ती पुरती जात नाही, ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना हे आधीच सांगतो. पण भाव रोज सारखा नसतो, चढतो तसा उतरतो, आणि चढलेला असताना कुणाचा तरी हात हातात असला की निभतं.

हंगाम अर्ध्यावर आला तेव्हा दादासाहेबांनी मला परत रुमालावर घेतलं. पहिला हात पुन्हा आण्णाप्पांनीच घातला. भाव दाबला, चष्म्यावरून बघितलं, आणि “गप हाय हात,” एवढं बोलून पुढच्या ढिगाकडे गेले.

ताकद

सगळं सुरळीत चाललं असताना घात केला तो ताकदीनं. माझी तब्येत उतरली होती. शेजारच्या काकूंनी कुसुमला सांगितलं, यशवंतरावांना द्राक्षासव दे, अंगात रक्त भरतं. कुसुमनं दुकानातून बाटली आणली. बाटलीवर दोन चमचे लिहिलं होतं. ताकद लवकर यावी म्हणून तिनं अर्धा पेला दिला. गोड लागलं, मी पिऊन टाकलं.

पाचच मिनिटांत तोंड विटेसारखं लाल झालं. कानात ढोल वाजायला लागले, श्वास लागला, आणि मी मोरीत जाऊन ओकायला लागलो. कुसुम दारात उभी राहून बघत होती. डॉक्टरांनी सांगितलेले हाल तिलाही ऐकून ठाऊक होते.

“प्यालासा,” ती म्हणाली.

“न्हाई गं. आईची शपथ.”

“आईच्या शपथा लय झाल्या तुमच्या.”

तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता, त्याचीच मला धडकी भरली. जन्मात पहिल्यांदा मी शंभर टक्के खरं बोलत होतो आणि माझ्यावर विश्वास ठेवायला चिटपाखरू नव्हतं. तिनं घरमालकांना डॉक्टरांकडे पिटाळलं, मला भिंतीला टेकवून बसवलं, तोंडावर पाणी मारलं, आणि मग कोपऱ्यातली ट्रंक ओढून पोरांचे कपडे भरायला लागली. मी मरतोय की काय यापेक्षा त्या ट्रंकेच्या आवाजानं मी जास्त घाबरलो.

डॉक्टर आले. नाडी बघितली, बराच वेळ जवळ बसले, मग विचारलं, “काय घेतलंत?” मी म्हटलं काही नाही. त्यांनी कुसुमला विचारलं, आज ह्यांनी काय काय खाल्लं? तिनं भाकरी सांगितली, मेथी सांगितली, आणि शेवटी बाटली पुढं केली. डॉक्टरांनी बूच काढून वास घेतला.

“बाई, हे आसव आहे. आंबवलेलं असतं. दारूची धाकटी बहीणच समजा ही.”

“म्हंजी म्याच पाजली?”

“तुम्हाला कुठं माहीत होतं? मी ह्यांना बजावलं होतं, खोकल्याचं औषध नको, आसव नको, अरिष्ट नको. ह्यांनी घरात सांगितलं नाही?”

मी आढ्याकडे बघितलं. गोळी मी गिळायची, त्याचं पथ्य बायकोला काय सांगायचं, असा माझा हिशेब होता. डॉक्टर बाटलीला बूच लावत म्हणाले, “चूक माझीही आहे. दोन महिने होतील, मी तुम्हा सगळ्यांना बोलावतोय आणि घरच्या बायकांना एकदाही बोलावलं नाही. बुधवारी दोघं या.”

ते गेल्यावर कुसुमनं ट्रंकेतले कपडे बाहेर काढले नाहीत. पण झाकणही लावलं नाही.

दुसरा हात

बुधवारी ती आली. नऊवारी, डोक्यावर पदर. सुभेदार ताडकन उठून उभे राहिले आणि त्यांनी तिला बाकड्याची भिंतीकडची जागा दिली, टेकायला बरी म्हणून. पंचा फिरला, सगळ्यांचे भाव झाले. मग डॉक्टर म्हणाले, “वहिनी, तुम्ही?”

“मला कुठली आलीया तलफ?”

“मग भीतीचा भाव सांगा. भीती वाटते का काही?”

परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायचा प्रश्नच नव्हता, म्हणून पंचा माझ्याच हातावर. तिनं पंच्याखाली हात घातला. मला वाटलं, एक असेल. आता सगळं बरं चाललंय, फार तर दोन.

तिनं माझी पाचही बोटं धरली. सुभेदारांनी धरली होती त्याहून घट्ट. आणि नजर कॅलेंडरवर, जसं काही एकादशी कधी आहे ते बघतेय. आयुष्यभर मी लोकांचे हात धरले, पण असा भाव मला कुणी दिला नव्हता. आजारी मी होतो, औषध मला, बाकडं मला, जेवायला बोलावणारे दोस्त मला. आणि ही बाई इतके दिवस पाच बोटं मुठीत दाबून भाकऱ्या थापत होती.

घरी जाताना मी विचारलं, “एवढं भ्या वाटतंय?”

“सांजच्याला वाटतंय,” ती म्हणाली. “तुमची सायकल वाजूस्तवर पाच. मग सायकल भिताडाला नीट लागली का त्यावर ध्यान. नीट लागली की चार. तुमी आत आलासा, पोरांशी बोललासा, की तीन.”

“आणि मग?”

“मग भाकरी करपती. मग काय न्हाई वाटत.”

मी दुसऱ्या दिवसापासून गल्लीच्या तोंडाशीच सायकलची घंटी वाजवायला लागलो. घरापर्यंत वाजवत यायचो. गल्लीतली पोरं मला चिडवायची, घरमालक म्हणायचे काय लग्नाची वरात आहे का. मी वाजवायचो.

बुधवारी आता शिंप्याची बायको यायला लागली, मास्तरांची आई यायला लागली. बाकडं पुरेना, तेव्हा डॉक्टरांनी शेजारच्या शाळेतून एक मागून आणलं. बायकांच्या बाकड्यावर पंच्याची गरज फार दिवस लागली नाही. त्या चौथ्या बुधवारी तोंडानंच बोलायला लागल्या, आणि मग त्यांना थांबवायचं कसं, हा डॉक्टरांपुढं नवीनच प्रश्न उभा राहिला.

जत्रा

जत्रेच्या आदल्या दिवशी कुसुमचा भाऊ आला. अंगात रेशमी शर्ट, बोटात अंगठ्या, पोरांना कोइमतूरची मिठाई. माझ्याशी तो तुटक बोलला, आणि ते बरोबरच होतं. ट्रंक कोपऱ्यात होतीच. तिच्याकडे बघून त्यानं माझ्यासमोरच कुसुमला विचारलं, “काय कुसुम? जायचं का? गाडी सांगून ठिवलीया.”

मी ओसरीवर बसून होतो. मध्ये बोलायचा मला हक्क नव्हता. छातीत असं धडधडत होतं की द्राक्षासव बरं.

कुसुमनं पदराला हात पुसले. “आज न्हाई जमायचं दादा. आज बुधवार हाय.”

“बुधवारी काय आसतंय?”

“आमी दोघं दवाखान्यात जातो. तू च्या घे, पोरांकडं बघ. आल्यावर सैपाक करती, मग जेवू या. उद्या सगळी मिळून जत्रेला जाऊ आणि परवा मागारी.”

तो हळूच म्हणाला, “गेल्या वर्षी तू रडत होतीस. भ्या गेलं काय आता?”

“न्हाई गेलं,” कुसुम म्हणाली आणि माझ्याकडे बघून खुदकन हसली. “दोनावर आलंय.”

“दोन म्हंजी? दोन काय?”

कुसुमनं चपला घातल्या, मी सायकल काढली. तो आमच्या मागं गल्लीच्या तोंडापर्यंत ‘अगं पण दोन काय?’ विचारत आला, आणि आम्हाला उशीर झाला होता.